साडेतीन वर्षांची बॅटरी: बदलायची की चार्ज करून वापरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल हॅचबॅक, साडेतीन वर्षांची, बॅटरी गाडीबरोबर आलेलीच, ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). रोजचं जाणंयेणं सहा-सात किलोमीटर. बारा दिवस गावाला जाऊन आल्यावर गाडीने सेल्फ घेतला नाही, नुसतं टकटकटक वाजलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिल्यावर सुरू झाली आणि गेला आठवडाभर ठीक चालली आहे. एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, आजच बदला. दुसरा म्हणतो एकदा चार्जिंगला लावा, दोन वर्षं बघायला नको. ऐकायचं कुणाचं, आणि मुळात बॅटरी टिकते किती?

दोघांपैकी कुणीही मीटर लावलेला दिसत नाही, त्यामुळे सध्या कुणाचंच ऐकू नका. बॅटरी उतरणं वेगळं आणि बॅटरी संपणं वेगळं. उतरलेली बॅटरी चार्ज होऊन पुन्हा कामाला लागते. संपलेली चार्ज झाल्यासारखी दाखवते आणि चौथ्या दिवशी पुन्हा बसते. हा फरक तिच्या वयावरून कळत नाही, मोजल्यावर कळतो. मोजायला शे-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

आधी तुमचा हिशेब मांडू. गाडी बंद करून लॉक केली तरी इमोबिलायझर, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिमची मेमरी, ईसीयू (गाडीचा संगणक) हे सगळं थोडी थोडी वीज पीतच असतं. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हा आकडा २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तर बारा दिवसांत साधारण ८.६ एएच जातात, ५० धरला तर १४.४. बॅटरी ३५ एएचची. शिवाय तुमची रोजची चक्कर दहा-पंधरा मिनिटांची, त्यात एसी, दिवे, ब्लोअर. अशी बॅटरी कधीच शंभर टक्के भरत नाही, सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर रेंगाळते. म्हणजे पंचवीसेक एएच हातात, त्यातले नऊ ते चौदा गेले. उरलेल्यात सेल्फ न फिरणं यात नवल काही नाही. निरोगी बॅटरीचंही हेच होऊ शकलं असतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते’ असं सर्रास म्हटलं जातं. छोटं पेट्रोल इंजिन सुरू होताना साधारण १५० अँपिअर घेतं, पण फक्त दोन सेकंद. गुणाकार केला तर ०.०८ एएच. एवढं आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, दोन-चार मिनिटांत भरून देतो. उतरवतं ते उभं राहणं. आणि उतरलेलं भरायला लागणारा वेळ लोकांच्या कल्पनेपेक्षा बराच जास्त असतो, कारण बॅटरी सुरुवातीला भराभर करंट घेते आणि ऐंशी टक्क्यांच्या पुढे हात आखडते. शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास सहज लागतात. म्हणून ‘दर दोन दिवसांनी दारातच दहा मिनिटं चालू ठेवा’ या सल्ल्याने पेट्रोल जळतं, बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर पाऊण-एक तासाची फेरी त्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

तेव्हा जंप दिल्यानंतरच्या आठवडाभरात तुमची बॅटरी भरलेली नाही, ती अर्ध्यामुर्ध्या चार्जवर दिवस काढते आहे. हेच सर्वांत घातक. १२.४ व्होल्टच्या खाली फार दिवस राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. नवीन असताना हे सल्फेट मऊ असतं, चार्ज केलं की विरघळतं. आठवडे उलटले की घट्ट होतं, तेवढा प्लेटचा भाग कायमचा बाद होतो आणि निरोगी बॅटरी दोन महिन्यांत खरोखरच संपते.

म्हणून पहिलं काम पूर्ण चार्ज. बॅटरीवाल्याकडे नेलीत तर ‘स्लो चार्ज’ सांगा: एएचच्या दहा टक्के, म्हणजे तुमच्या बॅटरीला ३.५ अँपिअर, दहा-बारा तास. दुकानात घाई असली की वीस अँपिअरने दोन तासांत ‘बूस्ट’ मारून देतात. त्याने प्लेटा तापतात, पाणी उडतं आणि बॅटरी वरवर भरल्यासारखी वाटते. घरी ऑटोमॅटिक चार्जर असेल तर उत्तम. चार्जिंग मोकळ्या हवेत करा आणि चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि एक ठिणगी पुरते.

आता मोजणी, म्हणजे पहिली परीक्षा. चार्ज संपल्यावर बॅटरी आठ-दहा तास, म्हणजे रात्रभर, तशीच ठेवा. लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो आणि मीटर खोटं बोलतो. गाडीतच बसवलेली असेल तर बॉनेट रात्रीच उघडून ठेवा, म्हणजे सकाळी दार उघडून गाडी जागी करावी लागणार नाही. मीटरचे प्रोब केबलच्या टोकाच्या चिमट्यावर न टेकवता थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा.

१२.६ व्होल्ट किंवा वर आकडा आला तर बॅटरी चार्ज धरते आहे. १२.४च्या आसपास आला तर थकली आहे, पुढच्या दोन परीक्षा ठरवतील. पूर्ण चार्जनंतरही १२.२ किंवा खाली असेल तर पुढे वेळ घालवू नका. आणि १०.५च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालेला आहे: प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, एक गेला की नेमके तेवढे कमी. अशी बॅटरी कितीही चार्ज करा, वर येत नाही. तिला जंप देऊन गाडी चालवत राहणंही बरं नाही, कारण उरलेल्या पाच सेलवर सहा सेलचा व्होल्टेज पडतो, ती तापते, फुगते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

दुसरी परीक्षा सेल्फ मारतानाची. मीटरवर मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते लावा, नसेल तर दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगून तुम्ही आकड्यावर नजर ठेवा. सेल्फ फिरताना व्होल्टेज १०च्या वर राहिला तर छान. ९.६ ते १० च्या मधे घुटमळला तर बॅटरी उतारवयात आहे. पूर्ण चार्ज असताना दोनदा तपासून दोन्ही वेळा ९.६च्या खाली गेला तर बदला. आजच्या गाड्यांत इंजिन एक-दोन फेऱ्यांत पकड घेतं, त्यामुळे मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत गाडी सुरू करत राहते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या आधी आठवडाभर कण्हायच्या, मालक सावध व्हायचा. आता तशी सूचना मिळत नाही, म्हणून ‘काल तर चांगली चालू होती’ हे वाक्य प्रत्येक बॅटरीच्या दुकानात रोज ऐकू येतं.

याच परीक्षेत एक फसवी जागा आहे. सेल्फ जड फिरतो, पण बॅटरीच्या खुंटीवर ११ व्होल्टच्या वर दिसतात, तेव्हा दोष बॅटरीचा नाही. एक प्रोब खुंटीवर, दुसरा त्याच खुंटीच्या चिमट्यावर धरून सेल्फ मारा. मधे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चिमटा सैल आहे किंवा आत पांढरा-हिरवट क्षार बसलाय. तसंच निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचा उघडा धातू मोजा. तिथे जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या या दोन-चार रुपयांच्या क्षारापायी मोडीत जातात. आवाजावरूनही अंदाज येतो: भराभर टकटकटक म्हणजे व्होल्टेज कमी; दिवे लख्ख आणि एकच ‘टक्’ म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड, कार्बन ब्रश किंवा केबल. सेल्फ मारताच सगळं ठप्प, डॅशबोर्ड काळा आणि मिनिटभराने पुन्हा दिवे, असं झालं तर आधी चिमटे हलवून बघा. ते घट्ट असतील तर आतल्या सेलची जोडपट्टी तुटत आली आहे. अशी बॅटरी कुठे दगा देईल सांगता येत नाही, त्याच दिवशी बदला.

तिसरी परीक्षा चार्जिंगची. गाडी चालू, एसी-दिवे बंद: १३.८ ते १४.५. मग दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर लावून इंजिन २००० आरपीएमवर धरा: १३.५च्या खाली जाऊ नये. गेला तर बेल्ट सैल किंवा आल्टरनेटर (अजूनही बरेच जण त्याला डायनॅमोच म्हणतात) आजारी. १४.८च्या वर सतत राहिला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळवतोय. ही तपासणी न करता नवीन बॅटरी टाकली तर तीही सहा महिन्यांत जाते आणि शिव्या बॅटरीच्या कंपनीला बसतात. एक अपवाद लक्षात ठेवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटर ईसीयूच्या हुकमाने चालतो. वेग घेताना तो १२.६-१३ वर उतरतो, ब्रेक लावताना १५ च्या जवळ चढतो. एकाच आकड्यावरून आल्टरनेटर बाद ठरवून तो बदलायला लावणारे भेटतील. दिवे लावून, पाच मिनिटं निरीक्षण केल्याशिवाय हो म्हणू नका.

दुकानात जो छोटा टेस्टर लावून कागदाची चिठ्ठी काढतात, तोही कामाचा आहे, पण दोन अटींवर. बॅटरी चार्ज असली पाहिजे, आणि टेस्टरमध्ये बॅटरीच्या लेबलवरचाच सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायला बॅटरी किती करंट देते तो) आकडा आणि तेच मानक (एसएई, ईएन, डीआयएन, जेआयएस) भरलेलं पाहिजे. डीआयएनचा आकडा एसएईच्या जागी भरला की मरतुकडी बॅटरीही पास होते, आणि उलट केलं की चांगली नापास. चिठ्ठी घेताना टाकलेला आकडा डोळ्यांनी बघा. मोजलेला सीसीए लेबलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बदलण्याची वेळ झाली.

बॅटरीवरचा तो ‘जादूचा डोळा’ मात्र फार मनावर घेऊ नका. हिरवा दिसला म्हणजे सहापैकी एका सेलचं बरं चाललंय, एवढंच. बाकीचे पाच त्याला दिसत नाहीत.

आता वर्षांचा प्रश्न. आपल्याकडे खासगी गाडीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते आणि या दोन टोकांमधला फरक बहुतेक उन्हाने ठरतो. थंडीत बॅटरीची ताकद तात्पुरती कमी होते, उष्णतेत आयुष्य कायमचं कमी होतं. ठोकळ नियम असा की बॅटरीचं सरासरी तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते, पाणी उडतं, ऍसिड दाट होतं आणि गंजणं आणखी वाढतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि पुण्यात बेसमेंटमध्ये राहणारी गाडी यांच्या बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या असल्या तरी एकीचं चौथं वर्ष संशयाचं आणि दुसरीचं पाचवं सुखाचं जाऊ शकतं. काही गाड्यांत बॅटरीभोवती फेल्टची किंवा प्लास्टिकची जॅकेट येते. ती इंजिनची धग अडवायला असते. बॅटरी बदलताना ती ‘अडचण होते’ म्हणून फेकून देतात, तसं होऊ देऊ नका.

गंमत अशी की उन्हाने मारलेली बॅटरी उन्हाळ्यात मरत नाही. गरम हवेत रसायन चपळ असतं, इंजिन ऑइल पातळ असतं, त्यामुळे मेमध्ये गाडी बरी सुरू होते. जखम दिसते ती पावसाळ्यात, जेव्हा वायपर, दिवे, डिफॉगर, एसी एकदम आणि गाडी रांगेत उभी. किंवा डिसेंबरच्या पहाटे. निफाडला पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा डिझेल गाडीचं दाटलेलं ऑइल, ग्लो प्लगचा करंट आणि अशक्त बॅटरी हे तिन्ही एका वेळी गाठतात. म्हणून तपासणीचा मुहूर्त मेअखेर, पाऊस येण्याआधी. पहिली दोन वर्षं नुसतं डोळ्यांनी बघितलं तरी चालेल. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी वरच्या तीनही परीक्षा, चौथ्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी. पाच वर्षं झाली असतील आणि लांबच्या प्रवासाला, घाटात, लहान मुलं-म्हातारी माणसं घेऊन निघायचं असेल, तर आकडे जेमतेम पास असले तरी बदलून निघा. रोज ऑफिसपर्यंतच जाणाऱ्या गाडीत मात्र पास झालेली बॅटरी निव्वळ वयावरून काढण्यात अर्थ नाही.

खड्ड्यांचाही हिशेब असतो. बॅटरीवरून जाणारी पट्टी सैल असेल तर बॅटरी ट्रेमध्ये नाचते, प्लेटांवरचा लेप गळून तळाशी साचतो आणि एक दिवस दोन प्लेटांना जोडून सेल शॉर्ट करतो. हाताने हलवून बघा. हलली तर पट्टीचा नट आवळा, पण इतकाही नको की डबा दबेल. कोकणात आणि मुंबईत खारट दमट हवेने टर्मिनलवर क्षार लवकर धरतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फेस बसला की साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा, चिमटा घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीनचा पातळ हात. आधी व्हॅसलीन आणि मग चिमटा असा क्रम नको. सोड्याचं पाणी झाकणांमधून आत जाता कामा नये.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात महिन्याने, पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर किंवा डब्यावरच्या वरच्या रेषेपर्यंत. आरओचं पाणी नाही, एसीच्या नळीतून टपकणारं पाणी तर नाहीच. त्यात धूळ आणि धातूंचे अंश असतात. ऍसिड कधीही ओतू नका. उडतं ते पाणी, ऍसिड आतच राहतं. ऍसिड वाढवलं की आठवडाभर बॅटरी तरतरीत वाटते आणि जाळी दुप्पट वेगाने गंजते. बॅटरीत टाकायच्या पुड्या, गोळ्या, ‘लाइफ वाढवणारं लिक्विड’ यांच्या वाटेला जाऊ नका. हायड्रोमीटर (ऍसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेलचं माप घ्या. नुसता आकडा किती यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो गेला.

तुमची बॅटरी तीनही परीक्षा पास झाली तर उरतो एकच संशय, गाडी बंद असताना वाहणारा चोरटा करंट. सगळं बंद करा, बॉनेट उघडं ठेवून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा. निगेटिव्ह चिमटा सोडून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून खुंटी आणि चिमट्याच्या मधे जोडा. सुरुवातीला अँपिअरमध्ये आकडा दिसेल, घाबरू नका. ईसीयू झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त असेल तर फ्यूज उपटत बसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा: जिथे शून्य नाही, त्या वायरीतून करंट वाहतोय. फ्यूज उपटून परत लावला की ईसीयू जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. नेहमीचे चोर म्हणजे बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाजारातली टचस्क्रीन, डिकीचा न विझणारा दिवा. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम एकटा २००-३०० मिलिअँपिअर खातो. तुमची ३५ एएचची बॅटरी तो तीन-चार दिवसांत सेल्फ न घेण्याइतकी रिकामी करतो.

नापास झाली तर नवीन घेताना पहिली गोष्ट, मूळ बॅटरीचा पूर्ण कोड वाचा. ३८बी२०एल सारखा जपानी पद्धतीचा कोड असेल तर ३८ हा ताकदीचा दर्जा, बी ही रुंदी-उंचीची जात, २० ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. एलच्या जागी आर आली की केबल ताणून बसवावी लागते, नाही तर पोचतच नाही. डीआयएन ४४, ५०, ६५ या घाटाच्या बॅटऱ्या बुटक्या असतात, त्यांची पकड खालच्या कडेला असते, वरून पट्टी नसते. जपानी घाटाच्या काही छोट्या बॅटऱ्यांची खुंटी बारीक असते. जाड खुंटीचा चिमटा तिच्यावर पत्र्याची पट्टी घालून बसवलेला दिसला तर तिथेच थांबवा. एएच मूळपेक्षा कमी घेऊ नका. एक पायरी जास्त घेतली तर आल्टरनेटर जळत नाही, ती भीती निराधार आहे, पण ट्रेमध्ये नीट बसत असेल तरच. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत किंवा गाडीची इन्व्हर्टरवर, हा प्रयोग दोन्हीकडून तोट्याचा: एकीच्या प्लेटा जाड, सावकाश देणाऱ्या, दुसरीच्या पातळ, एकदम देणाऱ्या पण खोल उतरवलेल्या न सोसणाऱ्या.

सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणारी गाडी असेल तर लेबलवर ईएफबी किंवा एजीएम लिहिलेलं असेल, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणारी जात. तिथे तेच घ्यायचं. साधी बॅटरी स्वस्त पडते, बसतेही, पण दिवसात तीस-चाळीस वेळा सेल्फ मारणं तिला वर्ष-दीड वर्षात खलास करतं. अशा गाडीत बॅटरी थकल्याची पहिली खूण म्हणजे इंजिन सिग्नलला बंद होणंच थांबतं. निगेटिव्ह खुंटीवर छोटा सेन्सर दिसला तर जंप देताना काळा चिमटा त्या खुंटीवर न लावता इंजिनच्या धातूवर लावा. काही युरोपीय गाड्यांत नवीन बॅटरीची नोंद स्कॅनरने ईसीयूत करावी लागते, नाही तर तो जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहतो. इलेक्ट्रिक कार घेतलेल्यांनीही हुरळून जाऊ नये. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरी पॅकशिवाय तिच्यातही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली की पॅक ऐंशी टक्के भरलेला असूनही गाडी जागी होत नाही.

दुकानात तारीख बघा. उत्पादनाची तारीख लेबलवर किंवा डब्यावर ठोकलेल्या कोडात असते. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून समजून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुना माल नको, कारण कपाटातही बॅटरी हळूहळू उतरत असते आणि तापलेल्या गोदामात जास्तच. घेण्याआधी समोर मीटर लावायला सांगा: १२.५च्या वर हवा. खुंट्यांवर ओरखडे दिसले तर ती कुणीतरी वापरलेली आहे. वॉरंटी कार्डावर २४+२४, ३०+३० असं लिहिलेलं असतं. त्यातले पहिले महिनेच मोफत बदलीचे, पुढच्या महिन्यांत नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर फक्त सूट, तीही महिन्यागणिक घटत जाणारी. बाजारात तशीही छापील किमतीपेक्षा कमीला मिळते, त्यामुळे ‘पाच वर्षांची वॉरंटी’ ऐकून हजार रुपये जास्त मोजण्याआधी पहिला आकडाच बघा. मोफत बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी मूळ बिलाच्या तारखेपासूनच चालते. आणि दावा करायला गेलात की ती एक-दोन दिवस चार्जिंगला ठेवून घेतात, कारण उतरलेली बॅटरी हा उत्पादनाचा दोष धरत नाहीत. तेवढे दिवस त्यांची स्टँडबाय बॅटरी मागून घ्या.

बसवताना किल्ली काढून खिशात, दोन मिनिटं थांबा. दहा नंबरचा पाना. आधी काळा निगेटिव्ह, मग लाल पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि लाल नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर पूर्ण शॉर्ट होतो, पाना लाल होऊन चिकटतो. बोटातली अंगठी, हातातलं कडं आधीच काढून ठेवा. पट्टी सोडून बॅटरी सरळ उचला, तिरकी करू नका. ट्रेमध्ये ऍसिड सांडलेलं असेल तर सोड्याच्या पाण्याने धुवा, नाही तर पत्रा खालून खात जातो. नवीन बसवून आधी पट्टी, मग लाल, शेवटी काळा. चिमटा हाताने फिरवून बघा, जागचा हलता कामा नये. लाल खुंटीची टोपी घालायला विसरू नका.

सुरू केल्यावर घड्याळ शून्यावर, रेडिओची स्टेशनं पुसलेली आणि आयडल थोडं वरखाली, हे सगळं अपेक्षित आहे. ईसीयू काही किलोमीटरमध्ये पुन्हा शिकतो. एका बोटाने पूर्ण वर जाणारी काच अर्ध्यात थांबत असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद ओढून धरा. स्टीअरिंगचा पिवळा दिवा लागून राहिला तर इंजिन चालू ठेवून चाक एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने विझतो.

जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या आणि तिचे पैसे बिलात वजा झालेले दिसले पाहिजेत. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेता ती नाकारत नाही. भंगारवाला पन्नास-शंभर जास्त देईल, पण ऍसिड गटारात ओतून शिसं उघड्या भट्टीत वितळवणाऱ्याकडे ती जाण्याचा धोका तिथे असतो. घरी दोन दिवस ठेवायचीच झाली तर फरशीवर उभी, खुंट्यांवर चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.